पाण्याला भिणारा कुत्रा

आमच्याकडे भाताचं एकच खाचर होतं, तेही उतारावरचं. त्यातला तांदूळ माघापर्यंत पुरायचा. मग नाचणी, मग नाचणीची आंबील, मग रानात जे मिळेल ते. मी चौथीत असताना वडील गेले. त्यानंतर आईनं हिरडा वेचला, कारवीच्या मोळ्या डोक्यावरून खाली आणल्या, दुसऱ्यांच्या खाचरांत कमरेत वाकून भात लावला. कुणी म्हणालं, "पोरीला कशाला शिकवतीस?" तर ती म्हणायची, "मला शाळा न्हाई म्हणून मी मोळ्या वाहतीया. तिनं बी वाहाव्या व्हय?" विचारणाऱ्याला पटलेलं नसायचं.

रिह्याच्या खोऱ्यात अगदी वर, जिथं बैलगाडीही येत नव्हती, तिथली आमची वाडी. मोळ्या वाहून घर चालतं, कॉलेज चालत नाही. माझं कॉलेज शेळ्यांवर चाललं. दरवर्षी बोकड पौडच्या बाजारात जायचे आणि मी पुण्याला वसतिगृहात जायची. पहिल्याच वर्षी वाघरानं गोठ्याचा कूड फोडून तीन शेळ्या नेल्या. वाघरू म्हणजे बिबट्या, आमच्याकडे त्याला तसंच म्हणतात. दुसरं वर्ष सुटल्यात जमा होतं. तेव्हा आई डोंगरावरच्या धनगरांच्या वस्तीवर गेली आणि लुगड्याच्या ओच्यात एक पिल्लू घेऊन आली. काळं, छातीवर पांढरा पट्टा. ते वाढलं, गोठ्याच्या तोंडाशी झोपायला लागलं आणि त्यानंतर आमची एकही शेळी गेली नाही. माझी पदवी त्या कुत्र्यानं राखली असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू देत.

मी बी.एस्सी. झाले, प्राणिशास्त्र घेऊन. वाडीत पहिली. मुलगीच नव्हे, तोवर कुणाचा मुलगाही झाला नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे घडलं त्यात या पदवीचाही हात आहे, आणि तो चांगला नाही.

निकाल लागून मी नोकरीची वाट बघत घरी बसले होते, तेव्हाची गोष्ट. वैशाख होता. ओढा आटून त्याची डबकी झाली होती. आम्ही झऱ्याचं पाणी फडक्यातून गाळून प्यायचो, गुरं आणि कुत्री डबक्यातलं प्यायची. एक दिवस कुत्रा शिंकायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्ताची बारीक धार लागली. तो डोकं झाडायचा, पुढच्या पायानं तोंड खरवडायचा, तोंडातून लाळ गळायची आणि लाळेत रक्त. भाकरीला तोंड लावीना. गोठा सोडून कणगीमागच्या अंधारात जाऊन बसला.

"हाड अडाकलं आसंल," आई म्हणाली आणि तिनं सरळ त्याच्या जबड्यात हात घातला. पार घशापर्यंत बोटं फिरवली. हाड नव्हतं. तिच्या उजव्या बोटाला खुरप्यानं कापलेली ताजी जखम होती, ती त्या वेळी ना तिच्या लक्षात आली ना माझ्या.

तिसऱ्या दिवशी तात्या आले. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, दोन घरं सोडून राहायचे. वाडीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या मागोमाग सगळी वाडी खळ्यावर जमली. कुत्रं पिसाळलंय की नाही हे बघायची आमच्याकडे एकच रीत होती. परातीत पाणी ठेवायचं. प्यायलं तर शहाणं, मागं सरलं तर पिसाळलेलं. तात्यांनी पितळी परात आणवली, पाण्यानं भरली आणि लांब कळकानं ढकलत खळ्याच्या मधोमध नेली. आम्ही सगळे वीस पावलांवर उभे.

कुत्रा आला. आला, हे लक्षात ठेवायला हवं होतं, कुणी ठेवलं नाही. त्यानं पाण्यात तोंड घातलं आणि काटा टोचल्यासारखा झटकन मागं सरला. शिंकला. परातीतलं पाणी लाल झालं.

"झालं," तात्या म्हणाले. "पान्याला भितंय."

मग ते माझ्याकडे वळले. "तू शिकल्याली हायेस. तू सांग."

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. चार वर्षं मी ज्यांच्यासमोरून पिशवी घेऊन पुण्याला गेले, ते सगळे. आणि मी म्हणाले, "याला हायड्रोफोबिया म्हणतात."

मला फक्त तो शब्द माहीत होता. कुत्र्याजवळ मी गेले नव्हते, त्याच्या नाकात डोकावले नव्हते, वीस पावलांवर पाटलिणीसारखी उभी राहून एक इंग्रजी शब्द टाकला. तोही ऐटीत. आज या गोष्टीत मी बऱ्याच जणांवर रागावणार आहे, तेव्हा पहिला राग कुणावर, ते सांगून ठेवते.

गर्दीतून कुणीतरी बाई म्हणाली, "आन् हिनं तर तोंडात हात घातला व्हता की." आईनं आपलं बोट बघितलं. मग लुगड्याला पुसलं, जणू पुसून जाणार होतं.

त्या दुपारच्या एस.टी.नं मी आईला पौडला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, पण त्यांनी बोट हातात धरून बघितलं. म्हणाले, "चौदा सुया. पोटात. रोज एक, आजपासून." आई म्हणाली, "चौदा?" डॉक्टर म्हणाले, "मावशी, हा रोग एकदा झाला की औषध नाही. आधीच काय ते." मग माझ्याकडे वळून त्यांनी जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. "कुत्रं मारू नका. बांधून ठेवा, लांबून खायला द्या, दहा दिवस बघा. पिसाळलेलं असेल तर तेवढ्यात मरेल. जगलं तर मावशींच्या उरलेल्या सुया बंद. कुत्रं हाच तुमचा रिपोर्ट आहे, ताई. आणि जमलं तर गुरांच्या डॉक्टरला दाखवा."

मी दुसऱ्याच दिवशी दाखवायला नेलं. खोऱ्याच्या खाली एका गावात गुरांचा दवाखाना होता. त्या गावाचं नाव मी घेत नाही, तिथली माणसं चांगली आहेत. कुत्र्याचं तोंड दोरीनं बांधलं, गळ्यात म्हशीची साखळी आणि साखळीला लांब काठी, म्हणजे तो अंगावर येऊ शकणार नाही. भर उन्हात दोन तास चाललो. वाटेत लोक बांधावर चढून उभे राहत होते.

खिडकीत कंपाउंडर बसला होता.

"काय आणलंय?"

"कुत्रा. नाकातून रक्त येतंय, डावीकडून."

"हितं गुरं बघतात."

"पाटीवर जनावरांचा दवाखाना लिहिलंय. कुत्रा जनावर आहे. मी प्राणिशास्त्र शिकलेय."

त्यानं पाटीकडे बघितलं नाही. माझ्या पायांकडे बघितलं. पायांत काही नव्हतं. "कुठल्या वाडीच्या तुम्ही?"

मी सांगितलं.

"पाणी पितंय का?"

"तोंड लावतो आणि मागं सरतो."

"मग पिसाळलंय. न्या, मारा, पुरून टाका."

"डॉक्टरांनी तपासायला नको?"

"डॉक्टर फिरतीवर आहेत. आणि त्यात तपासायचं काय बाई, हितनं दिसतंय की."

तेवढ्यात एका बागायतदाराचा ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत जर्सी गाय. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि फिरतीवरचे डॉक्टर टॉवेलला हात पुसत बाहेर आले. गायीच्या पोटाला कान लावला, डोळ्यांच्या पापण्या उलट्या करून बघितल्या, शेपटी उचलून थर्मामीटर लावला. गाय एक दिवस कमी चरली होती. मी तिथंच, कडुनिंबाच्या सावलीत, काठीला बांधलेलं कुत्रं धरून उभी होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. गायीवर माझा राग नाही. तिला तपासलंच पाहिजे. पण तिला तपासायला लागतात तेच दोन हात आणि तेच दोन डोळे माझ्या कुत्र्यालाही पुरले असते, आणि पाच मिनिटं लागली असती. आमच्यासारख्यांचं सगळं असंच लांबून ठरतं. वाडीचं नाव ऐकलं की ठरतं, पाय बघितले की ठरतं.

परत आले तर घरापुढच्या बांधावर तात्या कुऱ्हाड घेऊन बसलेले. पाच-सहा माणसं बरोबर.

"आनलंस माघारी? काय म्हनला डाक्टर?"

"बघितलंच नाही."

"बगायचं काय त्यात. सर बाजूला."

मी सरले नाही. "तात्या, हा मेला तर आईचं कळायचं कसं? पौडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दहा दिवस."

"काय कळायचं ऱ्हायलंय? तूच म्हनलीस न्हवं, हायड्रो का फायड्रो."

"म्हणाले. चुकले असेन."

"बी.एस्सी. चुकती व्हय?"

लोक हसले. आई ओसरीतून पोट धरून उठली. दुसरी सुई झाली होती आणि बेंबीशेजारी लिंबाएवढी गाठ आली होती. "चुकती की," ती म्हणाली. "माझीच लेक हाय. पर तात्या, सुया माझ्या पोटात चालल्यात, तुमच्या न्हाईत. कुत्रं माझं हाय. धा दिस थांबा."

तात्यांनी कुऱ्हाड बांधाला टेकवली. त्यांनी तरुणपणी एक माणूस या रोगानं मरताना बघितला होता, हे मला पुढं कधीतरी कळलं. त्यांची भीती खोटी नव्हती. "धा दिस," शेवटी ते म्हणाले. "साकळी तुटली तर मंग मी आन् माझी कुराड. तवा मधी येऊ नगंस."

घरामागच्या जांभळीला आम्ही त्याला दुहेरी साखळीनं बांधलं. आई रोज सकाळी एस.टी. गाठायला डोंगर उतरायची आणि दुपारी पोट धरून चढायची. मी शेळ्या बघायची आणि कुत्रा बघायची. काठीनं भाकरी सरकवायची, काठीनं पाण्याचं भांडं सरकवायची. तो हाडांचा सापळा व्हायला लागला होता. मला वाटायचं, हा मेला तर रोगानं मेला की तहानेनं, तेही कळणार नाही, आणि आईच्या चौदाही सुया होऊनसुद्धा आम्ही वर्षभर तिच्या तोंडाकडे बघत बसू. तिला ठसका लागला तरी.

बांधल्याच्या चौथ्या दिवशी, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, मी नुसती बघत बसले. भांडं सरकवलं. तो आला, तोंड घातलं, झटका देऊन मागं सरला. थोड्या वेळानं परत आला. परत तेच. परत आला. मी मोजायला लागले. अकरा वेळा आला.

अकराव्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला भीती वाटते तो येत नाही. हा पाण्याला भीतच नव्हता. याला पाणी हवं होतं आणि काहीतरी त्याला पिऊ देत नव्हतं. आणि झटका पाणी बघून बसत नव्हता. नाक पाण्याला टेकून क्षणभर झालं की मग बसत होता.

मी घरातला हातात धरायचा आरसा आणला. साखळी पोचत नाही तिथं जमिनीवर पालथी पडले, भांडं पुन्हा सरकवलं आणि आरशानं उन्हाचा कवडसा त्याच्या नाकावर धरला. त्यानं तोंड खाली नेलं. डाव्या नाकपुडीतून काळपट, ओलं, बुटाच्या नाडीच्या टोकासारखं काहीतरी बाहेर आलं. दोन बोटं लांब झालं, पाण्याकडे हललं, पाण्याला लागलं आणि सुर्रकन परत आत. कुत्रा झटकला आणि शिंकला.

जळू.

कॉलेजात मी जळू चिरलेली आहे. मेणाच्या ताटात टाचण्यांनी ताणून तिची आकृती काढली, भाग दाखवले, तिच्या पोटात किती कप्पे असतात ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. ती कुठं राहते, याचं उत्तर होतं, गोड्या पाण्यात. कुत्र्याच्या नाकात, असं कुणी लिहून दिलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. डबक्यातलं पाणी पिताना दोऱ्याएवढी आत गेली असणार, आणि आत रक्त पिऊन वाढली.

आई पौडहून आली, तिला सांगितलं.

"नाकात? अगं, म्हशीच्या नाकात निगती की. माझ्या माहेरी दर उन्हाळ्यात कुनाच्या तरी म्हशीला व्हायचं. पर कुत्र्याच्या बी जाती हे कुनाच्या डोस्क्यात येनार?"

"मग म्हशीची कशी काढायचे?"

"तान्हेली ठेवायची म्हस. मंग पानी दावायचं. जळू पान्यासाठी बाहेर येती, तवा राखंच्या हातानं धरायची. नुसत्या हातानं सुटती, बुळबुळीत असती."

म्हणजे निम्मं मला माहीत होतं आणि निम्मं तिला. सात दिवस आम्ही एका घरात राहून एकमेकींना विचारलं नव्हतं. मी तिला विचारलं नाही, कारण ती शिकलेली नव्हती. तिनं मला विचारलं नाही, कारण मी खळ्यावर सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला पाणी दाखवलं नाही. मग मागून गोणपाट टाकून मी त्याला दाबून धरलं, तोंड लुगड्याच्या पट्टीनं बांधलं. प्रश्न आला, नाकाशी हात कुणी न्यायचा. मी म्हणाले, "मी नेते."

"तू कशापायी? मला सुया चालूच हायेत," आई म्हणाली. "त्याच सुयांत हेबी भागंल."

तिनं चुलीतली राख बोटांना चोळली, एका हातानं परात त्याच्या नाकाखाली धरली. बराच वेळ काही नाही. मग ते काळं टोक आलं. पाण्याला टेकलं. आईनं धरलं आणि ते सुटलं. कुत्रा असा उसळला की माझं कोपर जमिनीवर सोलवटलं. आम्ही पुन्हा वाट बघितली. दुसऱ्या वेळी तिनं राख लावलेल्या चिंधीत धरलं आणि हळूहळू ओढायला लागली. ते रबरासारखं लांबत गेलं. "येतीया," ती दातांतल्या दातांत म्हणाली, "येतीया, हालू नगंस लेका," आणि एकदम सुटून तिच्या हातात आली. बोटाएवढी, रक्तानं टम्म.

मी तोंडाची पट्टी सोडून लांब झाले. कुत्रा शिंकला, पुन्हा शिंकला, मग त्यानं परातीत तोंड घातलं आणि परात कोरडी केली. आम्ही दुसरी भरली. तीही.

कुंपणापाशी तात्या उभे होते. कधी आले कळलं नाही. वीस पावलांवरून दहावर आले, दहावरून पाचवर. खाली वाकून चिंधीतली जळू बघितली.

"आता पितंय की," ते म्हणाले.

"व्हय, आता पितंय," आई म्हणाली.

"आनि एकादी नसंल कशावरनं?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा तहानलेला ठेवून बघितलं. नव्हती.

जळू मी लोणच्याच्या बाटलीत घातली आणि कुत्र्याला घेऊन पुन्हा त्या दवाखान्यात गेले. या वेळी खिडकीपाशी थांबले नाही. कंपाउंडर "ओ बाई, ओ बाई" करत मागून आला. आत डॉक्टर चहा पीत होते. मी बाटली त्यांच्या बशीशेजारी ठेवली.

"ही कुत्र्याच्या नाकात होती. तुमच्या माणसानं खिडकीतून पिसाळलंय म्हणून सांगितलं. मारा, पुरा म्हणाला. तुम्ही आत होतात."

त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. "असं कधी कधी असतं."

"असतं तर बघायचं असतं."

ते थोडे ओशाळले, मग हळू आवाजात म्हणाले, "पाण्याला भिणं हे माणसाचं लक्षण आहे, ताई. कुत्र्याचं नाही. पिसाळलेल्या कुत्र्याला गिळता येत नाही, पण पाण्याला ते तोंड घालतं. सगळ्यांचाच गैरसमज आहे."

"सगळ्यांचा म्हणजे तुमच्या खिडकीतल्या माणसाचासुद्धा. त्याला कधी सांगितलंत का?"

त्यांनी बाटली परत बशीशेजारी ठेवली. मला कुणी सांगितलं होतं, हेही मी स्वतःला विचारलं, पण त्यांच्यासमोर नाही. मग मी म्हणाले, मला लेखी द्या. ते म्हणाले, तपासल्याशिवाय लेखी कसं देणार. मी म्हणाले, तेच तर म्हणतेय. त्यांनी कप खाली ठेवला आणि कुत्र्याला टेबलावर घ्यायला सांगितलं. कंपाउंडरनं मागचे पाय धरले.

तो कागद घेऊन मी आईबरोबर पौडला गेले. वाटलं होतं, आजच सुया बंद. डॉक्टरांनी कागद वाचला, बाटली मागून घेऊन बघितली, अगदी खूश झाले. आणि म्हणाले, "पण दहा दिवस म्हणजे दहा दिवस."

"निगाली की जळू," आई म्हणाली.

"नाकात जळू असली म्हणजे दुसरं काही नसतंच असं नाही, मावशी. तुम्हाला अजून टोचताना मलाही बरं वाटत नाही."

मला राग आला, पण तो गिळला. हा माणूस पहिल्या दिवसापासून बोट हातात धरून बघत होता. त्याला घाई नव्हती आणि तो अंदाजानं काही ठरवत नव्हता.

दहाव्या दिवशी कुत्रा दोन भाकरी खाऊन जांभळीखाली झोपला होता. पौडच्या डॉक्टरांनी आईच्या केसपेपरवर उरलेल्या चार सुयांच्या रकान्यावर रेघ मारली. आईला काही झालं नाही. आमच्या वाडीत त्यानंतर एकही कुत्रं जवळ जाऊन बघितल्याशिवाय मारलेलं नाही.